तोंडचे पाणी का पळते?

मराठीत भीतीचे वर्णन करणारे वाक्प्रचार मोजायला बसलो, तर हाताची बोटे पुरणार नाहीत. तोंडचे पाणी पळते, घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, पाय लटपटतात, दरदरून घाम फुटतो, बोबडी वळते. हे सारे आपण भाषेचे अलंकार समजून वापरतो. पण डॉक्टरच्या नजरेने पाहिले, तर केसपेपरवर जशीच्या तशी उतरवून घ्यावीत अशी ही अचूक लक्षणे आहेत. गंमत अशी की, ज्याला ही लक्षणे होतात तो तापाने फणफणलेला नसतो, की त्याला विंचू चावलेला नसतो. त्याला फक्त चार माणसांपुढे उभे राहून दोन शब्द बोलायचे असतात.

याला सभाकंप म्हणतात. हसनाबादला दवाखान्यात बसताना हा सभाकंप माझ्यासमोर वेगवेगळे वेष घेऊन येतो. कुणी ‘छातीत धडधडते’ म्हणून येते, कुणी ‘ऐनवेळी पोट बिघडते’ म्हणून, कुणी ‘हात थरथरतात’ म्हणून. मध्यंतरी आसपासच्या एका गावच्या ग्रामपंचायत सदस्य असलेल्या बाई आल्या होत्या. ग्रामसभा चार दिवसांवर आली की त्यांना धडधड सुरू व्हायची, रात्री झोप लागायची नाही. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. सगळे ठीक. मग त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, घरात मी कुणाला ऐकत नाही. पण माईक पुढं आला की सोताचं नाव सांगतानाबी जीभ अडखळती. मग आमचे मालकच उठून बोलतात.’’ त्यांच्या वस्तीवर उन्हाळ्यात नळाला पाणी येत नव्हते आणि तो प्रश्न त्यांना मांडायचा होता. दोन ग्रामसभा तशाच निघून गेल्या होत्या.

म्हणून माझे मत असे की, सभाधीटपणा हा केवळ वक्तृत्व स्पर्धेचा विषय नाही, तो आरोग्याचा विषय आहे. माणूस बोलत नाही तेव्हा त्याचे दुखणे डॉक्टरला कळत नाही आणि त्याच्या वस्तीचे दुखणे गावाला कळत नाही. शिवाय या बाबतीत एक मोठा गैरसमज घरोघरी आहे. ‘आधी भीती जाऊ दे, मग बोलेन,’ असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. बोलत गेले की भीती कमी होते. न बोलता ती कधीच जात नाही, उलट दर खेपेला थोडी वाढते.

शरीर काय करते?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या एकेक छोटी ग्रंथी असते, तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. संकट दिसले की मेंदू या ग्रंथींना निरोप धाडतो आणि त्या ॲड्रिनॅलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. संकटापुढे प्राणी एकतर झुंजतो नाहीतर पळतो आणि शरीर दोन्हींची तयारी एकदमच करते, हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास दाखवून दिले.

आता आपले वाक्प्रचार पुन्हा पाहा. पळायचे तर मांड्या-पोटऱ्यांना जास्त रक्त हवे, म्हणून हृदय जोराने ठोके देते, तीच धडधड. कातडीकडचे रक्त आत वळते, म्हणून हातपाय गार पडतात. पचनाचे काम तूर्त थांबवले जाते, म्हणून लाळ आटून तोंडचे पाणी पळते आणि पोटात गोळा येतो. धावताना अंग तापेल म्हणून घाम आधीच फुटतो. स्नायू ताणून तयार होतात, पण पळायचे तर नसते. मग तो ताण जागच्या जागी थरथरत राहतो. श्वास वर छातीत अडकतो, जीभ कोरडी, जबडा घट्ट. अशा वेळी वाक्य मध्येच तुटले नाही तरच नवल. तीच बोबडी.

म्हणजे ही लक्षणे भित्रेपणाची नाहीत, बावळटपणाचीही नाहीत. वाघ समोर आल्यावर शरीराने जे करावे तेच ते करत असते. चूक एवढीच की समोर वाघ नसून शेजारपाजारचीच माणसे बसलेली असतात. आणखी एक दिलासा असा की, ही उसळी बहुतेकांच्या बाबतीत बोलायला उठण्याच्या आधी आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वांत जास्त असते. ती पार पडली की शरीर आपोआप शांत होऊ लागते. दुर्दैव असे की, बहुतेक जण नेमके याच पहिल्या मिनिटाला ‘एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो’ म्हणून खाली बसतात. त्यामुळे पुढची शांतता त्यांना कधी अनुभवायलाच मिळत नाही.

मुंबईच्या कोर्टातला तरुण वकील

१८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला एक तरुण मुंबईत वकिली करू लागला. लघुवाद न्यायालयात त्याला तीस रुपये फीचा पहिला खटला मिळाला. उलटतपासणीसाठी तो उभा राहिला आणि त्याचे डोके गरगरू लागले, कोर्टच फिरते आहे असे वाटू लागले, एकही प्रश्न सुचेना. तो खाली बसला, खटला दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगितले आणि कोर्टातून निघून गेला. हा तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. त्यांनी स्वतःच आत्मकथेत हे सांगितले आहे.

यापुढची हकीगत मला अधिक मोलाची वाटते. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या हिंदी व्यापाऱ्यांसमोर गांधीजी बोलले. व्यापारात सचोटी कशी पाळावी हा विषय होता. तेच आपले पहिले जाहीर भाषण म्हणता येईल, असे ते लिहितात. तिथे जमले, कारण विषय मनातला होता आणि समोरच्या माणसांना त्याची गरज होती. पण म्हणून सभाकंप कायमचा गेला का? नाही. १८९६ साली ते मुंबईला आले. सर फिरोजशहा मेहता यांच्या पुढाकाराने सर कावसजी जहांगीर सभागृहात सभा भरली. भाषण लिहून, छापून तयार होते. गांधीजी वाचायला उठले तर अंग थरथरू लागले, आवाज पुढच्या रांगांपलीकडे जाईना. शेवटी ते भाषण दिनशा वाच्छा यांनी वाचून दाखवले.

ज्या माणसाच्या शब्दावर पुढे सारा देश उठला, त्याची ही गोष्ट आहे. दोनदा फजिती झाली म्हणून त्यांनी बोलणे सोडले नाही. ते मोठे गर्जना करणारे वक्ते शेवटपर्यंत झाले नाहीत. सावकाश, मोजके आणि साधे बोलत राहिले. आपल्या संकोचामुळे शब्द काटकसरीने वापरण्याची सवय लागली, असे त्यांनी नमूद केले आहे. सभाधीट होणे म्हणजे फर्डा वक्ता होणे नव्हे, हे यातून ध्यानात यावे.

पाठांतराचा तोटा

मला वाटते, आपल्याकडे या भीतीचे बी शाळेत पेरले जाते. १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर, २६ जानेवारी जवळ आला की चौथी-पाचवीच्या पोराला दोन पानांचे भाषण पाठ करायला देतात. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ येथून ते सुरू होते. पोरगे घडाघडा म्हणत सुटते आणि मध्येच एक शब्द विसरते. आता त्याला पुढचे काही सुचणार नाही, कारण त्यातला एकही विचार त्याचा नसतो. ती नुसती शब्दांची साखळी असते. एक कडी निसटली की सगळी साखळी हातातून जाते. मागून कुणीतरी फिदीफिदी हसते. त्या हसण्याचा ओरखडा पन्नाशीपर्यंत राहिलेली माणसे मी पाहिली आहेत.

शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे. पाठ केलेल्या भाषणाऐवजी मुलांना रोज दोन मिनिटे स्वतःची गोष्ट सांगू द्या. काल आमची म्हैस व्याली, आमच्या विहिरीला पाणी लागले, आजी पंढरपूरला गेली. आपण पाहिलेली गोष्ट सांगताना मूल विसरत नाही.

मोठ्यांनाही हेच लागू आहे. भाषण लिहून पाठ करू नका. एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत फक्त तीन मुद्दे लिहा. पुठ्ठा यासाठी की पातळ कागद हाताबरोबर थरथरतो, फडफडतो आणि ते पाहून आपण आणखी घाबरतो. पाठ करायचेच असेल, तर पहिले वाक्य तेवढे पाठ करा. उदाहरणार्थ, ‘नमस्कार, मी अमुक वस्तीवर राहते. आमच्या नळाला पंधरा दिवसांपासून पाणी नाही.’ सुरुवात ठरलेली असली की ती पहिली अवघड मिनिटे निभावतात.

पायरीपायरीने

दक्षिण आफ्रिकेतील मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये भीतीवरची एक उपचारपद्धती पुस्तकरूपाने मांडली. भीतीच्या पायऱ्या करायच्या, सर्वांत सोपी पायरी आधी घ्यायची, ती सवयीची झाली की पुढची. आज मानसोपचारात ही कल्पना अनेक रूपांनी वापरली जाते. पण आपल्या गावांना ती नवी नाही. सप्ताहातला टाळकरी पाहा. आधी तो हरिपाठात सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळतो. मग काकड्याला चार जणांबरोबर म्हणतो. एखाद्या दिवशी त्याला एकट्याला चाल म्हणायला सांगतात. चुकला तर मागचे टाळकरी सावरून घेतात. अशा रीतीने तयार झालेला माणूस हजारांच्या कीर्तनातही डगमगत नाही. त्याला कुणी भाषणकलेचे पुस्तक दिलेले नसते.

बायकांना तर मी गमतीने विचारतो की, लग्नात उखाणा घेतला होता ना? साऱ्या मांडवात, सासरमाहेरच्या माणसांसमोर, नवी नवरी असताना बोललात. ते जाहीर भाषणच होते की! फरक इतकाच, तेव्हा ऐकणाऱ्यांना तुमचे कौतुक होते.

तेव्हा आपल्या पायऱ्या आपणच करा. पहिल्या आठवड्यात घरात किंवा शेतात उभे राहून मोठ्याने बोला. मनातल्या मनात म्हणणे हा सराव नव्हे. आवाज आपल्या कानांवर पडला पाहिजे. बैलांसमोर बोललात तरी चालेल, ते हसत नाहीत. दुसऱ्या टप्प्यात घरच्या दोघा-तिघांसमोर. मग बचत गटाच्या बैठकीत मागील सभेचा वृत्तांत वाचून दाखवा. मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक प्रश्न विचारा. मग महिला सभा. आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, तिचा उपयोग तालमीसारखा करावा. शेवटी ग्रामसभा. एखादी पायरी जड गेली, तर खालची पुन्हा दोनदा करा. घाई नको, पण पायरी टाळूही नका.

ऐनवेळी काय करावे?

नाव पुकारण्याआधी पाच-सहा वेळा श्वास सावकाश घ्या आणि त्याहूनही सावकाश सोडा. मनात चार मोजेपर्यंत घेतला, तर सहा मोजेपर्यंत सोडा. श्वास लांबवून सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, कारण त्या वेळी हृदयाला आवर घालणारी मज्जा अधिक काम करते. पाण्याचे दोन घोट घ्या. उठल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवा, गुडघे ताठ करू नका. लगेच सुरुवात करू नका. एकदा सगळ्यांकडे पाहा आणि ओळखीचा एक प्रसन्न चेहरा निवडून त्याच्याशी बोला. शब्द आठवला नाही, तर आधीचे वाक्य सावकाश पुन्हा म्हणा. ऐकणाऱ्यांना वाटते, तुम्ही जोर देत आहात.

‘माझी थरथर सगळ्यांना दिसते आहे,’ ही सर्वांत मोठी काळजी असते. अमेरिकेतील सॅविट्स्की आणि गिलोविच या संशोधकांनी २००३ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. बोलणाऱ्याला आपली घबराट जेवढी उघड दिसते असे वाटते, तेवढी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही, असे त्यांना आढळले. आणखी विशेष म्हणजे, ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली होती, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. आता ती तुम्हालाही समजली आहे. २०१४ साली हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी दाखवले की, बोलण्यापूर्वी स्वतःला ‘शांत हो’ म्हणण्यापेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असे म्हणणारे लोक अधिक चांगले बोलतात. कारण धडधड दोन्हीकडे सारखीच असते, नाव फक्त आपण देतो. पोळ्याला, लग्नाच्या वरातीतही छाती धडधडतेच की!

हे टाळा

सभेआधी लागोपाठ चहा नको, त्याने थरथर वाढते. तंबाखू, गुटख्याने ‘डोके शांत होते’ हा भ्रम आहे; निकोटीनमुळे ठोके वाढतात आणि तोंडाचा रोग व्हायचा तो होतोच. ‘थोडी घेतली की जीभ सुटते’ म्हणणाऱ्यांपासून तर चार हात दूर राहा. संकोच घालवण्यासाठी घेतलेला पेला पुढे कायमचा चिकटतो.

थरथर कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी आहे, हे काही वाचकांना ठाऊक असेल. ती मुळात हृदयविकारासाठी शोधली गेली. दम्याच्या रुग्णाला ती धोकादायक ठरू शकते आणि मंद नाडी असणाऱ्यालाही. दुकानातून परस्पर आणून किंवा दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नका.

थरथर आणि धडधड बोलण्याच्या प्रसंगावाचूनही होत असेल, वजन घटत असेल, तर थायरॉईड तपासून घ्या; धाप लागत असेल, तर रक्त कमी आहे का ते पाहा. तोतरेपणा हा वेगळा विषय आहे, त्यावर वाचाउपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. आणि सभाच काय, पण दुकानात जाणे, पंगतीत जेवणे, फोनवर बोलणे हेही कुणी टाळू लागले असेल, त्यापायी शाळा-कॉलेज, नोकरी सुटत असेल, तर तो सामाजिक भयाचा विकार असू शकतो. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि ‘पोरगं लाजाळू आहे’ म्हणून वर्षानुवर्षे राहून जातो. त्यावर समुपदेशनाने व गरज पडल्यास औषधाने चांगला गुण येतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

ऐकणाऱ्यांची जबाबदारी

इथवर बोलणाऱ्याला पुष्कळ उपदेश झाला. पण सभाकंपाचे अर्धे औषध ऐकणाऱ्यांच्या हाती असते. कुणी अडखळले की हसणे, ‘बस बस, कळलं’ म्हणणे, बाई उठली की मागे कुजबुज करणे, या सवयी आपण सोडल्या पाहिजेत. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक गप्प माणूस घाबरट नसतो. बोलल्यावर उद्या मजुरी मिळेल का, वाट अडवली जाईल का, असा हिशेब करूनही माणसे गप्प बसतात. त्या भीतीवर श्वासाचा व्यायाम चालत नाही. तिथे सभेने आणि गावाने बदलायचे असते.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. खुर्ची मिळाली, पण कित्येक ठिकाणी आवाज अजून मालकांचाच आहे. अशा मालक मंडळींनी न्यायमूर्ती रानड्यांचे उदाहरण ध्यानात घ्यावे. १८७३ साली त्यांचे लग्न झाले, तेव्हा अकरा वर्षांच्या रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी त्यांना शिकवले. नाशिकला पहिल्यांदा सभेत बोलण्याची वेळ आली, तेव्हा भाषण रानड्यांनी लिहून दिले. पण ते केले रमाबाईंनी. पुढे त्या आपल्या बळावर सभा गाजवू लागल्या आणि पुण्याच्या सेवासदनाचा कारभार त्यांनी समर्थपणे सांभाळला. पतीने मुद्दे काढून द्यावेत, घरी सराव करून घ्यावा, सभेत समोर बसून मान डोलवावी. उठून स्वतः बोलू नये. मदत आणि मक्तेदारी यांत हाच फरक आहे.

पाण्याचा प्रश्न मांडू पाहणाऱ्या त्या बाईंना मी औषध लिहून दिले नाही. केसपेपरच्या मागे पाच पायऱ्या लिहून दिल्या आणि त्यांच्या मालकांना बाहेरून आत बोलावून शेवटची पायरी वाचून दाखवली. ती अशी होती : ‘यांनी बसून ऐकावे.’

वाचकहो, पुढच्या ग्रामसभेला जाताना एकच प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून न्या. धडधड होईल, ती होऊ द्या. आवाज थोडा कापेल, तोही कापू द्या. प्रश्न मात्र तुम्हीच विचारा आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, हे खाली बसण्यापूर्वी पाहा.